व्याह्यांची फळी, मास्तरांची चौकट

डोळे एकदम जात नाहीत. ते पाहुण्यासारखे निघतात, उंबऱ्यात उभे राहून बराच वेळ निरोप घेत बसतात. टेलरमास्तरांचे डोळे असेच गेले. आधी काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाला, मग निळ्यावरचा निळा. शेवटी पांढऱ्या सदऱ्याचं काळं बटणसुद्धा चाचपून लावायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी शिलाई मशीनवर झाकण ठेवलं आणि गल्लीत सांगून टाकलं, "लोक आता तयार कपडे घेतात. मी कुणासाठी शिवू?"

तेही खरं होतं. दोन खऱ्या कारणांपैकी जे कमी टोचतं, तेच माणूस लोकांना सांगतो.

कापड सुटलं, पण हात सुटेनात. जन्मभर कापत आलेले हात, ते मांडीवर स्वस्थ कसे बसणार? मास्तर वर्तमानपत्र नुसतं हातात घेऊन त्याच्या कडा दुमडत बसायचे. जेवताना पोळीची घडी इतकी सरळ घालायचे की मास्तरीणबाई म्हणायच्या, "इस्त्री आणू का?" मग एके दिवशी फ्रिजच्या दुकानाबाहेर टाकलेलं लाकडी खोकं मास्तरांना दिसलं. पांढरं, हलकं, गाठी असलेलं लाकूड. वास असा की जणू आताच कुणी जंगलाचं दार उघडलंय. मास्तरांनी ते खोकं डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी गल्लीतून मिरवत घरी आणलं.

"आता हे काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कापड आहे," मास्तर म्हणाले. "जरा जाड आहे, एवढंच."

मागच्या पडवीत त्यांनी कारखाना मांडला. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, एक हातोडी. बाकी सगळं दुकानातलंच आलं. लाकडावर खूण करायला शिंप्याचा चपटा खडू. सरस लावून दोन फळ्या चिकटवल्या की त्यांच्यावर दाब द्यायला ती जुनी कोळशाची इस्त्री. तिच्या वजनाखाली पूर्वी कॉलर नमायची, आता सांधा नमायला लागला. आणि मोजायला गळ्यातली टेप. मेणकापडाची, पिवळी, कडेला दोरे निघालेली. ती दुकानाच्या पहिल्या दिवशी गळ्यात पडली होती आणि माळेसारखी तिथेच राहिली होती.

सवयीही दुकानातल्याच आल्या. शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं सोडतो, पुढे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता यावं म्हणून. मास्तर लाकडालाही तसंच सोडू लागले. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने एकदा विचारलं, "मास्तर, स्टूल जाड होणार आहे का?" मास्तर हसले नाहीत. जे जास्त ठेवलंय ते पुढे रंध्याने काढता येतं, जे कमी पडलं त्याला ठिगळ लावता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं; पण ते इलेक्ट्रिशियनला सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

पहिलं स्टूल झालं. ते डुलायचं.

"जमीन वाकडी आहे," मास्तर म्हणाले.

"हो ना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

मग साबण ठेवायची पेटी झाली, किल्ल्या अडकवायची पट्टी झाली, मसाल्याच्या बरण्यांची मांडणी झाली. एकेका वस्तूबरोबर डुलणं कमी होत गेलं. मास्तर खिळा वापरायचे नाहीत. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याला जीभ काढायची आणि जीभ खाचेत अशी बसवायची की मधे कागद शिरू नये. त्यांचे डोळे धूसर होते, म्हणून ते सांध्यावरून अंगठा फिरवून बघायचे. अंगठा अडला नाही की मान हलवायचे. दुपारच्या उन्हात पडवीत बसून रंधा ओढताना लाकडाचे लांब पातळ छिलके वळत वळत खाली पडायचे, आणि मास्तर त्यातला एखादा उचलून प्रकाशासमोर धरायचे, मलमल बघावी तसा.

आता त्यांच्या लेकीच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिथे अडकली आहे.

व्याही पाणीखात्यात मीटर वाचायला होते. घरोघर जाऊन, झाकण उघडून, आकडा वाचून यायचं. जन्मभर आकड्यांनी त्यांना फसवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त जीव. निवृत्त झाल्यावर त्यांनाही लाकडाचाच छंद लागला, पण वेगळ्या वाटेने. त्यांनी आधी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, मग अवजारं घेतली, मग अवजारं टांगायला भिंतीवर एक फळा केला, त्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काढली आणि प्रत्येक अवजार आपापल्या सावलीत टांगलं. ते इतकं देखणं झालं की तिथून एखादी करवत उचलायची म्हणजे देवळातली मूर्ती हलवल्यासारखं वाटायचं. म्हणून ते फारशी उचलत नसत. विहीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "हे सुतारकाम शिकलेत. भिंत बघून घ्या."

दोन माणसं, एकच छंद, शिवाय व्याही. जमायला काही हरकत नव्हती. पण मधे एक कोट होता.

लग्नाच्या दिवशी व्याही नवा कोट घालून आले होते. मास्तर पुढे झाले, नमस्कार केला, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "डावा खांदा उतरलाय हो. कुणी शिवला?"

तो कोट व्याह्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने शिवला होता. तो मागेच उभा होता.

मास्तरांच्या मनात काही नव्हतं. डॉक्टरला जसा खोकला ऐकू येतो, तसा त्यांना खांदा दिसला. पण बोललेलं परत घेता येत नाही. शिवण उसवली तरी सुईची भोकं राहतातच. व्याही त्या दिवशी हसले. नंतर वर्षभर मात्र लेकीला त्या घरात जेवताना ऐकावं लागलं, "भात जरा मऊ झालाय, पण आपण कशाला बोलायचं? चुका काढायचं काम तुझ्या वडिलांकडे." भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता रोजच्या ताटाला एक खडा. नवरा बिचारा भला, पण तो खाली मान घालून जेवायचा.

लेक माहेरी आली तेव्हा पडवीत बापाजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, एक मागू? मामंजींना पुन्हा कधी चूक आहे म्हणू नका. त्यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तरी मान हलवा. तुम्ही इथे बोलता आणि तिकडे मला ऐकावं लागतं."

मास्तरांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "नाही म्हणणार," एवढंच बोलले. लेकीचं सासर म्हणजे काचेचं दुकान. तिथे बापाने हात पाठीमागे बांधूनच फिरायचं असतं, हे त्यांना उशिरा पण पक्कं कळलं.

तेव्हापासून मास्तर व्याह्यांशी इतके गोड बोलू लागले की व्याह्यांनाही तसंच बोलावं लागलं. गोडाला गोड. दोघे भेटले की दारात "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" एवढं चालायचं की मागच्या बायका ताटकळायच्या. वर्ष गेलं, दोन गेली. लेकीच्या ताटातला खडा हळूहळू कमी झाला. पण मास्तर निर्धास्त नव्हते. जखमेवर धरलेली खपली ही कातडी नव्हे.

मग बातमी आली. लेकीला दिवस गेले.

दोन्ही आजोबांच्या डोक्यात एकाच दिवशी एकच गोष्ट आली: बाळासाठी कठड्याचा छोटा पलंग. जावयाला पलंगाबद्दल सासऱ्यांचा फोन आला, आणि त्याच रात्री जेवताना वडिलांनीही तेच सांगितलं. तो हुशार होता. घरात दोन पलंग आले तर बाळ कुठल्या पलंगात झोपलं यावरून पुढची वीस वर्षं काढावी लागतील, हे त्याने ओळखलं. त्याने दोघांना सांगितलं, "दोघांनी मिळून करा."

वाटणी ठरली. चौकट, पाय आणि गजांचा कठडा मास्तरांनी करायचा. चौकटीत आतून बसणारी तळाची फळी, जिच्यावर गादी येणार, ती व्याह्यांनी. मापं फोनवर ठरली. मास्तरांनी लांबी सांगितली, व्याह्यांनी ती पुन्हा उच्चारली, मास्तर "वा" म्हणाले, व्याही "वा" म्हणाले. एकमेकांच्या घरी जाऊन माप जुळवून बघावं, असं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

मास्तरांनी त्या चौकटीत जीव ओतला. मऊ लाकडातले चांगले तुकडे वेचून काढले. प्रत्येक गज गोल केला, आधी रंध्याने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून, मग पॉलिश पेपरने. बाळाच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून तो गज स्वतःच्या गालावरून फिरवून बघितला. मास्तरीणबाई तेव्हा कधी नव्हे त्या गप्प बसल्या. त्यांनी एवढंच केलं, की पडवीत दुसरा दिवा लावून घेतला.

फळी जावई घेऊन आला. प्लायवूडची, दोन्ही अंगांनी पॉलिश केलेली, आरशासारखी. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, चौकटीत ठेवली, आणि ती चौकटीतून सरळ खाली जमिनीवर जाऊन पडली. लांबीला चांगली बोटभर कमी. आतल्या आधाराच्या पट्ट्यांवर एक टोक टेकलं की दुसरं सुटायचं.

जावई फळीकडे बघत होता. मास्तर जावयाकडे बघत होते. लेकीला दिलेला शब्द त्यांना आठवत होता.

"किती सुंदर बसली," मास्तर म्हणाले.

"बाबा, ती जमिनीवर आहे."

"पॉलिश काय केलंय! सांगा त्यांना, हात ठेवला की घसरतो."

जावई गेल्यावर मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "फोन करा आणि सांगा की फळी आखूड झाली."

"नाही."

"मग काय बाळाला अधांतरी झोपवणार?"

"मी चौकट आखूड करतो."

"चूक त्यांची आणि कापणार तुम्ही?"

"मोठ्या मनाचं काम आहे ते," मास्तर म्हणाले. "तुला नाही कळायचं."

आणि त्यांनी आपली चौकट उकलली. ज्या सांध्यांत कागद शिरत नव्हता, ते सांधे हातोडीने हलकेच ठोकून सोडवले. लांबीच्या दोन्ही पट्ट्या बोटभर कापल्या, जिभा नव्याने काढल्या, गजांमधलं अंतर पुन्हा वाटून घेतलं. काम मोठं होतं. पण मास्तर त्या दिवसांत खुशीत होते. दुसऱ्याची चूक आपण गुपचूप पोटात घातली, या सुखाला तोड नाही. मीठ नसलेली आमटीही त्यांनी तक्रार न करता खाल्ली. सबंध गल्लीत आपल्याइतका उदार माणूस नाही, आणि हे कुणाला सांगताही येत नाही, एवढीच काय ती खंत होती. ती त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून टाकली.

इकडे जावई घरी गेला आणि आईला म्हणाला, "फळी आखूड पडली. सासरे काही बोलले नाहीत, उलट पॉलिशचं कौतुक केलं." विहीणबाईंनी ते व्याह्यांना सांगितलं. व्याही बराच वेळ भिंतीवरच्या अवजारांकडे बघत बसले. आपलं माप चुकणं शक्य नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आकडा म्हणजे आकडा. म्हणजे मास्तरांनी चौकट मोठी केली. पण म्हाताऱ्याला दिसत नाही, बिचाऱ्याने मेहनतीने केली असणार.

"त्यांना काही कळवू नकोस," व्याही बायकोला म्हणाले. "मी नवी फळी करतो, त्यांच्या चौकटीच्या मापाची. आपण मोठं मन दाखवायचं."

जावयाने बोट दाखवून सांगितलं तेवढं त्यांनी वाढवलं, नवी प्लाय आणली, नवी फळी कापली, पुन्हा आरसा केला. तेही त्या दिवसांत खुशीत होते. सुनेला म्हणाले, "भात छान झालाय हो आज." ती दचकली.

असे दोन उदार पुरुष, दोन घरांत, एकमेकांच्या नकळत, एकमेकांच्या चुका निस्तरत होते. दोघांपैकी एक जरी जरा कोत्या मनाचा असता तर पलंग केव्हाच झाला असता.

डॉक्टरांनी लेकीला सांगितलं की आता कधीही. ती माहेरी आली. त्याच आठवड्यात एका सकाळी व्याही, विहीणबाई आणि जावई नवी फळी घेऊन आले. बाहेरच्या खोलीत मधोमध मास्तरांची चौकट उभी होती. पाठीला उशा लावून लेक खुर्चीत बसली होती. दारात "आधी तुम्ही" झालं, चहा झाला, आणि व्याह्यांनी फळीवरचं जुनं चादरीचं वेष्टण काढलं.

"आरसा! नुसता आरसा!" मास्तर म्हणाले.

"छे छे, तुमच्या चौकटीपुढे काहीच नाही. गज आहेत की रेशीम?"

दोघांनी दोन टोकं धरली, फळी चौकटीवर आणली, खाली दाबली. ती गेली नाही. तिरकी केली. एक टोक गेलं, दुसरं कठड्यावर बोटभर चढून बसलं. व्याह्यांनी तळहाताने ठोकलं. मास्तरांनी मुठीने ठोकलं. चौकट कुंथली, फळी हलली नाही.

मास्तरांना कळेना. आता तर बरोबर बसायला हवी होती. व्याह्यांनाही कळेना.

"हवा दमट आहे," व्याही म्हणाले. "लाकूड फुगलं असणार."

"हो, लाकूड फार फुगतं," मास्तर म्हणाले. "माझंच फुगलं असेल."

"तुमचं कसं फुगेल? माझी फळी फुगली."

"प्लाय कुठे फुगते, व्याही? माझी चौकट आकसली."

"नाही नाही, चूक माझी आहे."

"अहो, असं कसं? चूक माझी."

"मी सांगतो ना, माझी!"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

आवाज चढले. खोलीतल्या बाकीच्यांनी असं भांडण कधी पाहिलं नव्हतं. दोघेही चूक स्वतःकडे ओढत होते आणि दोघेही दुसऱ्याला ती द्यायला तयार नव्हते. "मी चौकट कापून लहान केली, तुमची फळी आखूड होती म्हणून..." असं मास्तरांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. पण व्याही त्याच वेळी बोलत होते, "मी दुसरी फळी मोठी केली, तुमची चौकट मोठी होती म्हणून..." दोन्ही वाक्यं एकदमच संपली.

लेकीचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. तिने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा बापाकडे. दोन वर्षं जपलेली खपली आता निघणार, हे तिला दिसत होतं.

विहीणबाईंनी पदर खोचला. "तुम्ही दोघं आता उद्यापर्यंत एकमेकांच्या पाया पडत बसाल. आणा त्या टेपा इकडे."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून दिली. व्याह्यांनी खिशातून स्टीलची काढली. विहीणबाईंनी दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या, सुरुवातीचे आकडे जुळवले आणि मास्तरीणबाईंना दुसरं टोक बघायला बसवलं.

"अगंबाई," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांची टेप जन्मभर ओढली, गुंडाळली, माणसांच्या पोटांभोवती ताणली गेली होती. ती लांबली होती. कपड्यांना त्याचं काही नव्हतं. माणूसही तिनेच मोजायचा, कापडही तिनेच कापायचं, आणि सदरा बरोबर बसायचा. मास्तर एकटे होते तोवर बरोबर होते. चूक व्हायला दुसरा माणूस लागतो.

"म्हणजे माझीच चूक," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा सुखावलेलाच होता.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी स्टीलच्या टेपच्या टोकाचा पत्रा वर धरला. लाकडाच्या कडेत अडकवायचा तो छोटा आकडा आतल्या बाजूला वाकला होता, म्हणजे प्रत्येक माप तेवढं आखूड येत होतं. "ही स्टुलावरून पडली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं."

व्याह्यांनी टेप हातात घेतली. मीटरवाल्याने मीटर खोटं निघालेलं पाहावं, तसं त्यांनी त्या पत्र्याकडे पाहिलं.

"आता खरी टेप कुणाकडे आहे?" जावयाने विचारलं. घरात एकही नव्हती.

तेव्हा लेक बोलली. "टेपच सोडा ना. आकडे कशाला हवेत? पलंग उलटा करा, फळी वर ठेवा, आणि चौकटीच्या आतल्या कडेने रेघ मारा. बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावरच नाही का बेतत होतात?"

मास्तरांनी खडू काढला.

पलंग उलटा झाला. फळी वर आली. एक कड जुळवली, दुसरीकडे आतून रेघ मारली. फळी दोन खुर्च्यांवर ठेवली. आता कापायचं कुणी? मास्तरांनी करवत व्याह्यांपुढे धरली, कारण फळी त्यांची. व्याह्यांनी ती मास्तरांकडे सरकवली, कारण घर मास्तरांचं. करवत चार वेळा इकडून तिकडे गेली. शेवटी विहीणबाई खाकरल्या आणि व्याह्यांनी करवत घेतली.

त्यांनी सुरुवात चांगली केली. व्हिडिओत दाखवतात तसा अंगठा लावला, पहिले दोन झटके उलटे ओढले. भुसा खडूवर पडू लागला. पण ते पात्याकडे बघत नव्हते, आपल्या हाताकडे बघत होते. करवत रेघेवर होती. मग ती रेघेच्या कडेला आली. मग रेघेच्या आत, फळीच्या अंगात, केसभर. अजून केसभर.

मास्तरांना ते डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांना ते ऐकू येत होतं. कात्री बाकाला लागली की आवाज बदलतो, तसा करवतीचा आवाज बदलला होता. अजून वीतभर असंच गेलं की फळी वाया. तिसरी फळी आणायची, कापायची, पॉलिश करायचं, एवढे दिवस बाळ थांबणार नव्हतं. पण तेही तितकं महत्त्वाचं नव्हतं. बाळ आईजवळ झोपलं असतं. महत्त्वाचं हे होतं, की त्यांनी लेकीला शब्द दिला होता, लेक समोर बसली होती, आणि व्याही चुकत होते.

मास्तरांनी ओठ मिटले. हात पाठीमागे एकमेकांत अडकवले. करवत अजून केसभर आत गेली.

"वाकडं कापताय हो!" मास्तर ओरडले. "रेघ कुठे, करवत कुठे! कुठे लक्ष आहे तुमचं?"

करवत थांबली. लेकीने डोळे मिटून घेतले. जावयाने जन्मभराच्या सवयीने मान खाली घातली.

व्याह्यांनी वळून पाहिलं. कपाळावरचा भुसा मनगटाने पुसला. त्यांचा चेहरा लाल होता, पण तो रागाने की कापण्याने, ते कळत नव्हतं.

"मग मघापासून पाहुण्यासारखे उभे का आहात?" ते खेकसले. "दिसतंय तर सांगायचं नाही तेव्हाच? धरा ते टोक! फळी हलते म्हणून वाकडं जातंय."

"फळी नाही हलत, तुमचं कोपर हलतंय."

"कोपर माझं आहे, ते हलणारच! तुम्ही टोक धरा!"

मास्तरांनी टोक धरलं. "डावीकडे. अहो, डावीकडे! माझ्या नाही, तुमच्या."

"कळतंय मला डावं."

"कळतंय तर न्या ना."

करवत पुन्हा रेघेवर आली आणि शेवटपर्यंत रेघेवर राहिली. शेवटचा तुकडा पडताना फळीचा ढलपा निघू नये म्हणून मास्तरांनी खालून हात लावला, तर व्याही म्हणाले, "हात काढा, बोट जाईल, मग पुन्हा माझ्याच नावाने खडे." मास्तर म्हणाले, "तुम्ही कापा, माझ्या बोटाची काळजी मला आहे." एवढं दोघे दोन वर्षांत मिळून बोलले नव्हते.

फळी बसली. तीन कोपऱ्यांत अंगठा अडत नाही. चौथ्या कोपऱ्यात, करवत भरकटली होती तिथे, एक बारीक फट आहे.

लेकीला दोन दिवसांनी मुलगी झाली. पलंग आता लेकीच्या सासरी आहे आणि दोन्ही आजोबा एकत्र तिथे गेले की हमखास त्या फटीपाशी उभे राहतात. मास्तर म्हणतात, व्याह्यांनी वाकडं कापलं. व्याही म्हणतात, मास्तर उशिरा बोलले. तिथून ते एकमेकांच्या रंध्याला धार नाही इथपर्यंत जातात, आवाज चढतात, मुलगी जागी होते.

"बाबा, मामंजी," लेक आतून ओरडते, "भांडायचं असेल तर बाहेर जा."

जेवताना व्याही अजून कधीतरी म्हणतात, "भात मऊ झालाय."

"मग कुकरच्या शिट्ट्या मोजत जा," ती म्हणते आणि त्यांना आणखी वाढते.